ताईचं बरोबर उत्तर

नाटकाच्या प्रयोगात एक माणूस असा असतो, की त्याला कुणी बघत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. विंगेतल्या स्टुलावर तो बसलेला असतो. मांडीवर नाटकाची प्रत, हातात लहानशी बॅटरी. नट वाक्य विसरला की हा पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द कुजबुजतो. ते नटाच्या कानात पोचले पाहिजेत आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला मात्र पंख्याचाच आवाज वाटला पाहिजे. याला प्रॉम्प्टर म्हणतात. मामाने जन्मभर तेच केलं. कंपनीतले सगळे त्याला मामा म्हणत, त्याच्यापेक्षा वयाने मोठे होते तेसुद्धा.

मामाला सगळ्या नाटकांतल्या सगळ्या भूमिका पाठ होत्या. राजाची, विधवेची, चोराची आणि त्या चोराला पकडणाऱ्या हवालदाराचीही. एकदा हवालदार ऐन वेळी तापाने फणफणला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा मामाकडे वळल्या. मामा स्टुलावरून उठलाही. तेवढ्यात व्यवस्थापक म्हणाला, "अहो, पण मामा स्टेजवर गेला तर मामाला प्रॉम्प्ट कोण करणार?" सगळे खो-खो हसले. मामाही हसला आणि स्टुलावर जाऊन बसला. घरी आल्यावर त्याने ही गंमत ताईला सांगितली. ताई हसली नाही. "तू कशाला हसलास?" एवढंच तिने विचारलं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वडील लवकर गेले आणि मामा शाळेत असतानाच आईचं डोकं हळूहळू कामातून गेलं. आधी तिचे हिशेब चुकायला लागले, मग वार चुकायला लागले, मग दूध कपाटात आणि साबण दुधाच्या पातेल्यात जायला लागला. एका संध्याकाळी मामाकडे बोट दाखवून तिने ताईला विचारलं, "हा मुलगा कुणाचा गं? त्याच्या घरी कळवा कुणीतरी." ताईने शाळा सोडली, शिवणाचं मशीन घेतलं, आईचं शेवटपर्यंत केलं आणि धाकट्या भावाला मोठं केलं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला कुठे वेळ आहे?" आणि खरंच नव्हता. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून ती मामाला शर्ट शिवायची, त्यामुळे त्याच्या दोन बाह्या क्वचितच एका रंगाच्या असायच्या.

मामाची कुजबुजसुद्धा तिच्याच कानावर घडली. ती खोलीच्या एका टोकाला मशीन चालवायची, हा दुसऱ्या टोकाला बसून नाटकातली वाक्यं कुजबुजायचा. मशीन न थांबवता ती म्हणायची, "आलं ऐकू," नाहीतर, "नाही आलं, पुन्हा म्हण." मशीनच्या खडखडाटातूनही तिला शब्द कळायला लागले, तेव्हा कुठे मामा कंपनीत दाखल झाला.

ताईला मरणाची भीती नव्हती, दुखण्याची नव्हती. तिला एकाच गोष्टीची भीती होती, आईच्या वाटेने जाण्याची. पन्नाशीनंतर ती रोज झोपण्याआधी मनातल्या मनात दिवसभराच्या कामाची उजळणी करायची: काय बेतलं, कुणाचं बेतलं, छाती किती, बाही किती. सगळं आठवलं की मगच दिवा मालवायची. म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला, डोळ्यांवर जाड चष्मा आला, त्याचं तिला काही वाटलं नाही. "डोकं शाबूत आहे ना," ती म्हणायची, "मग बाकीचं गाडं ओढत नेता येतं."

आता कंपनी बुडाली त्याबद्दल. नाटक कंपन्या बुडतात, त्यात नवल नाही. नटांच्या कानात हरभऱ्याएवढी यंत्रं बसायला लागली, तेव्हाच मामा निरुपयोगी झाला होता. कंपनी बंद झाल्यावर वर्षभर तो घरी बसून ताईने शिवलेल्या कपड्यांना बटणं लावत होता. मग एका जुन्या नटाने त्याला टीव्ही वाहिनीतल्या एका माणसाकडे पाठवलं. या माणसाचं नाव सगळ्यांनी घड्याळसाहेब ठेवलं होतं, कारण तो बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या मनगटाकडे बघायचा.

"आवाज किती काढता येतात?" घड्याळसाहेबांनी विचारलं.

मामाने तिथल्या तिथे एका नाटकाचा तिसरा अंक करून दाखवला. सासू, सून, वकील आणि दाराबाहेरचा भिकारी. घड्याळसाहेबांनी त्या दिवशी प्रथमच मनगटावरची नजर उचलली.

कार्यक्रमाचं नाव होतं 'जागा आणि जिंका'. लोक झोपायला गेले की तो सुरू व्हायचा आणि ज्यांना झोप नसते त्यांच्यासाठी पहाटेपर्यंत चालायचा. फळ्यावर एक कोडं, शेजारी एक हसरी निवेदिका आणि खाली फोनचा नंबर. निवेदिका सारखी घाई करायची. "इतकं सोपं आहे हो, कुणालाच कसं येत नाही? फोन मोकळे आहेत! मी वाट बघतेय!" फोन मोकळे नसायचे. शेकडो लोक त्या वेळी नंबर फिरवत असायचे, आणि लागला काय, न लागला काय, प्रत्येक फोनचे पैसे कापले जायचे. आत एक ध्वनिमुद्रित बाई त्यांना गोड आवाजात सांगायची, "छान प्रयत्न! पुन्हा फोन करा." घड्याळसाहेबांनी हात वर केल्याशिवाय एकही फोन स्टुडिओत जोडला जात नव्हता, आणि ते हात क्वचित वर करायचे.

पण फोनच आला नाही तर बघणारे कंटाळतात. म्हणून मामा. स्टुडिओच्या मागे सामानाची एक जुनी खोली होती. भिंतींना स्पंज ठोकलेला, एका बाजूला काच, एक टेबल, एक फोन, हेडफोन, एक छोटा टीव्ही. तिथे मामाला चिठ्ठी यायची: 'शिक्षिका, घाबरट, उत्तर चूक.' 'ड्रायव्हर, तोंडात सुपारी, उत्तर चूक.' ही चुकीची उत्तरं मुद्दाम इतकी बावळट असायची, की घरी बसलेल्या माणसाला वाटावं, अरे, यांच्यापेक्षा मी शहाणा, आणि त्याने फोन उचलावा. पहाटेच्या सुमारास एखादी चिठ्ठी यायची: 'उत्तर बरोबर.' मग मामा जिंकायचा, हुंदके देऊन रडायचा, मुलांचं शिक्षण होईल म्हणायचा. बक्षीस जिथल्या तिथे राहायचं.

मामाला हे कळत नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यातच त्याने घड्याळसाहेबांना विचारलं होतं, "साहेब, हे लोकांवर अन्याय होतोय असं नाही वाटत?"

"आपण कुणाच्या घरी जाऊन हातात फोन देतो का मामा?" साहेब मनगटाला म्हणाले. "करमणूक आहे. तुमच्या नाटकात राजा खरा होता का?"

 मला विचाराल तर उत्तर सोपं होतं. तिकीट काढून नाटक बघणं वेगळं, आणि नाटक चाललंय हे न सांगता माणसाला रात्रभर तिकिटं काढायला लावणं वेगळं. पण मामाला ते सुचलं नाही, कारण त्याला ते सुचायला नको होतं. जन्मात पहिल्यांदा त्याला मोठ्याने बोलायला मिळत होतं. रोज नवी भूमिका. चिठ्ठीत नुसतं 'शिक्षिका' असलं तरी हा ठरवायचा, की तिचा नवरा शेजारच्या खोलीत झोपलाय, म्हणून ती दबक्या आवाजात बोलतेय. असला बारकावा कंपनीतल्या हिरोनेही कधी केला नव्हता.

घरी त्याने सांगितलं होतं, की रात्रपाळीत परदेशी मालिकांना आवाज द्यायचं काम आहे. बाहेर काही बोलायचं नाही, असं वाहिनीने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

आणि एका सकाळी ताई चहा गाळता गाळता म्हणाली, "गुडघ्यांनी झोपू दिलं नाही रे बाळ्या. मग टीव्ही लावला. कोड्यांचा कार्यक्रम असतो एक. काल एक म्हातारा पोस्टमन बोलला, काय गोड माणूस!"

 त्याच क्षणी त्याने सांगायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "हो का? काय म्हणाला तो?"

"अरे, उत्तर चुकलं बिचाऱ्याचं. पण बोलणं असं, की वाटलं आपल्या जिन्यातून वर येतोय. चप्पल घासत."

मामाने खरोखरच टेबलाखाली चप्पल घासली होती. आयुष्यभर विंगेत बसलेल्या माणसाला पहिली दाद मिळाली ती अशी, आणि त्या दादेने त्याचं तोंड शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून विचारलं, "काल कोण कोण आलं होतं गं?" ताई सांगत गेली, हा ऐकत गेला. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही.

ताई नुसती बघत बसणाऱ्यातली नव्हती. फळ्यावर चौकोनांचं जाळं आलं की ती खडूने कापडावर ते काढून घ्यायची आणि चौकोन मोजायची. दोनदा, तीनदा, उलटीकडून. मग नंबर फिरवायची. "छान प्रयत्न! पुन्हा फोन करा." पहाटे निवेदिका उत्तर जाहीर करायची, ते ताईच्या उत्तरापेक्षा बरंच मोठं असायचं. कसं काढलं ते कधी दाखवायचे नाहीत. दाखवणार काय? लोकांनी जे आकडे आधी सांगितले असतील ते सोडून भलताच आकडा घड्याळसाहेब लिफाफ्यात घालायचे. मामाने ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"बाळ्या, तूच मोज बरं," ती कापड पुढे करायची.

मामा मोजायचा. ताईचंच बरोबर असायचं. "अगं, त्यांचंच काहीतरी चुकलं असेल. हे सगळं खोटं असतं, तू नको नादी लागूस."

"मग तो आकडा त्या नर्सबाईला कसा आला? ती जिंकली ना? ती पण खोटी?"

ती नर्सबाई समोर बसून चहा पीत होती. मामा म्हणाला, "तिला जमला असेल."

"तेच म्हणते मी. तिला जमतं, मला जमत नाही," ताई म्हणाली आणि कापडाची घडी घालायला लागली. तिचं बोट घडीवर जरा जास्तच वेळ थांबलं.

त्या आठवड्यापासून ती दार लावलं का ते दोनदा बघायला लागली. मग तीनदा. डब्यांवर तिने कागद चिकटवले: साखर, मीठ, सोडा. मामाने विचारलं तर म्हणाली, "चष्मा हाताशी नसतो कधी कधी." पण कागदांवरची अक्षरं बारीक होती आणि ती चष्म्याशिवाय वाचताच आली नसती. 

मग ती रात्र आली. कोडं होतं, शिवणाच्या डब्यात सापडणाऱ्या पाच वस्तूंच्या बंद यादीतली एक ओळखायची. मामा खोलीत चिठ्ठीची वाट बघत होता. टीव्हीवर निवेदिका म्हणाली, "आपल्यासोबत फोनवर एक आजी आहेत! बोला आजी!" आणि मामाच्या कानातल्या हेडफोनमधून ताई बोलली.

"नमस्कार. मी जन्मभर शिवणकाम केलंय," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण आनंदाने. "सुई आणि दोरा तर लहान मूलही सांगेल, म्हणून मी दुसरं सांगते. अंगुस्ताना."

"अंगुस्ताना! म्हणजे बोटात घालतात तो?" निवेदिका खळखळून हसली. "आजी, आता कोण वापरतं हो तो! बघूया... अरेरे! नाही आहे यादीत!"

"मग टेप. नाहीतर खडू," ताई घाईघाईने म्हणाली. फोन तुटलेला होता.

दार किलकिलं झालं आणि चिठ्ठी आत आली: 'निवृत्त शिपाई, घोगरा आवाज, उत्तर बरोबर: मेणबत्ती.'

मामाने चिठ्ठी दोनदा वाचली. काचेपलीकडून घड्याळसाहेबांनी मनगटावर टिचकी मारली. मामाने फोन उचलला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मेणबत्ती ना हो? आमची ही दोऱ्याला मेण लावायची." हे 'आमची ही' त्याने स्वतः घातलं होतं. निवेदिका टाळ्या वाजवायला लागली. शिपाई जिंकला.

सकाळी ताईने चहा केला नव्हता. ती मशीनसमोर बसली होती, समोर शाळेच्या गणवेशाचं कापड पसरलेलं आणि हातात कात्री.

"एका शिपायाला कळलं," ती म्हणाली. "शिपायाला कळलं, माझ्या डब्यात काय असतं ते. माझ्या डोक्यातून तो डबाच गेला असणार बाळ्या. मला आठवतच नाही, मेणबत्ती कधी ठेवायचे मी."

"तू कधी ठेवलीच नव्हतीस!"

"असं तुला वाटतं. मलाही तसंच वाटतं, तीच तर भीती आहे. आईलाही सगळं बरोबरच वाटायचं." तिने कात्री खाली ठेवली. "हे कापड परत कर त्यांना. मी बेतते आणि चुकलं तर? लोकांच्या पोरांचे कपडे आहेत."

चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मशीन बंद राहिलं. मामाला ती शांतता सहन होईना. पण त्याने तोंड उघडलं नाही. आधी मनाशी म्हणाला, महिनाअखेरीला सांगू. मग म्हणाला, दुसरं काम मिळालं की सांगू.

ताई स्वतःच डॉक्टरांकडे निघाली. मामा सोबत गेला. डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला सांगितले. ताईला सगळं येत होतं, पण प्रत्येक उत्तराआधी ती मामाकडे बघत होती, हे बरोबर आहे ना, असं. शेवटी तिने डॉक्टरांना टीव्हीतल्या कोड्यांचं सांगितलं. जे अख्ख्या जगाला येतं ते मला येत नाही, म्हणाली. आमच्या आईचंही असंच सुरू झालं होतं.

डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी मामाला विचारलं, "तुम्ही सोबत राहता. तुम्हाला काय वाटतं?"

खोलीत पंखा फिरत होता. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर शब्द देणारा हा माणूस त्या खुर्चीत बसून राहिला, आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "हल्ली जरा काळजी करते."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सोमवारी पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, "लक्ष ठेवा. काही वेगळं ऐकू आलं, दिसलं, असं म्हणाल्या तर लगेच कळवा."

त्याच आठवड्यात ते घडलं. मामा त्या रात्री नुकतीच बाळंत झालेली बाई होता. चिठ्ठीत 'उत्तर बरोबर' होतं. मामाने कुशीत बाळ असल्यासारखं हलक्या आवाजात उत्तर दिलं. आता निवेदिकेने लिफाफा उघडायचा आणि अभिनंदन करायचं. तिची वाक्यं तिला कानातल्या यंत्रातून घड्याळसाहेब सांगायचे. यंत्र बंद पडलं.

निवेदिका हसतच राहिली. हसू तोंडावर तसंच आणि डोळे सैरभैर. तासन् तास दुसऱ्याचीच वाक्यं बोलून त्या पोरीला स्वतःचं एक वाक्य सुचेना. स्टुडिओत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. काचेपलीकडे घड्याळसाहेब हातवारे करत होते.

मामाला ती शांतता ओळखीची होती. आयुष्यभर तो अशाच शांततेची वाट बघत बसला होता. हातात फोन आहे, फोन थेट प्रक्षेपणात आहे, आपण बाळंतीण आहोत, हे सगळं तो विसरला. अंगात मुरलेल्या सवयीने त्याचं डोकं पुढे झुकलं आणि त्याच्या स्वतःच्या, जुन्या, विंगेतल्या कुजबुजीत तो म्हणाला, "चला, लिफाफा उघडूया... चला, लिफाफा..."

"चला, लिफाफा उघडूया!" निवेदिका किंचाळलीच. तिचा जीव भांड्यात पडला.

 घड्याळसाहेब धावत आले, चेहरा पांढराफटक.  मग त्यांनी आत जाऊन फोनचे आकडे बघितले आणि हसत परत आले. "कुणाच्या लक्षातही आलं नाही मामा! उलट फोन वाढलेत. एकानेही तक्रार केली नाही. उद्या विमा एजंट करा, आणि असं पुन्हा नको."

कुणाच्या म्हणजे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पण एक कान असा होता, की त्याने ती कुजबुज वर्षांपूर्वी मशीनच्या खडखडाटातूनही ओळखली होती. मामा झपाझप घराकडे निघाला. रस्त्यावर झाडूवाले काम करत होते, दूध उतरवलं जात होतं. त्याला भीती वाटत होती आणि भीतीखाली थोडं हलकंही वाटत होतं. ताईने ओळखलं असणार. ती थोबाडीत मारेल, चार दिवस बोलणार नाही. मग म्हणेल, म्हणजे माझा अंगुस्ताना बरोबर होता तर! आणि मशीन सुरू करेल. जिना चढताना त्याने ठरवलं, सगळं सांगायचं, नोकरी गेली खड्ड्यात.

दार नुसतं लोटलेलं होतं. टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आणि त्यावर चादर. ताईने आंघोळ केलेली, केस नीट विंचरलेले. खाटेच्या कडेला ती दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती.

"बस बाळ्या," ती म्हणाली. "एक सांगायचंय. घाबरू नकोस."

"ताई, आधी माझं ऐक..."

"बस म्हणते ना. मला काल टीव्हीतून तू ऐकू आलास. एक बाळंतीण बोलत होती आणि मधेच तू. कुजबुजत होतास."

"ताई, तो मीच होतो!"

"हो रे राजा."

"अगं, खरंच मी होतो! मी तिथेच कामाला आहे. डबिंग वगैरे काही नाही. ते फोन करणारे सगळे मी आहे. पोस्टमन मी, नर्स मी, तो शिपाईसुद्धा मी. उत्तरं ते मागाहून ठरवतात. तू मोजलेलं सगळं बरोबर होतं. तुझं एकही उत्तर चुकलेलं नाही ताई, एकही नाही!"

ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. "लहानपणी आईशीही तू असंच करायचास. भिंतीत कुणी बोलतंय म्हणून ती घाबरायची, आणि तू पुढे होऊन म्हणायचास, मीच होतो गं आई, मीच बोललो. किती लहान होतास. मायाळू आहेस रे. पण मला नको असं फसवूस."

 मग मामाला सुचलं ते त्याच्या धंद्यातलंच. तो उभा राहिला. चप्पल घासत तो पोस्टमन झाला. मग खोलीच्या मधोमध नर्स झाला. शिक्षिका झाला, ड्रायव्हर झाला, आणि घोगरा आवाज काढून म्हणाला, "मेणबत्ती ना हो? आमची ही दोऱ्याला मेण लावायची." इतकं सुंदर काम त्याने कधीच केलं नव्हतं. आवाजावर आवाज येत होते, एकही घसरत नव्हता, त्या लहानशा खोलीत पाच-सहा माणसं उभी राहिली होती. बाळंतिणीपर्यंत पोचेस्तोवर त्याने ताईकडे बघितलंच नाही.

बघितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाटेवर मागे सरकली होती. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले, चष्मा खाली पडलेला. मामाने बाळंतीण अर्ध्यावरच सोडली. बाहेर जिन्यात कुणीतरी बादली खाली ठेवली.

मग ताईने कानांवरचे हात काढले. चाचपडत चष्मा उचलला, पुसला आणि डोळ्यांवर लावून ती भावाकडे निरखून बघत राहिली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज शांत होता.

"सोमवारी डॉक्टरांकडे गेलो की हे तूच सांग त्यांना," ती म्हणाली. "टीव्हीतली माणसं आता मला तुझ्या तोंडूनही ऐकू येतात म्हणून सांग. मी विसरेन."